सटवाजी दवाखाना वाचवतो

बोरगव्हाण नावाचं एक गाव होतं, आणि तिथं सटवाजी नावाचा एक शिपाई होता. भोळा! इतका भोळा की विचारू नका. पहिलं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती, आणि शाळेच्या पोरांसाठी गावात नवा सरकारी दवाखाना निघाला होता. डॉक्टर टिल्लू औषध देत. सटवाजी दारात उभा राही.

पहिल्याच दिवशी एक पोरगा आला. म्हणाला, "घसा बसलाय."

"मग उठव की त्याला! इथं कशाला आलास?"

डॉक्टर करवादले, "अरे शहाण्या, बसला म्हटलं की मिठाच्या गरम पाण्यानं गुळण्या करायला लावायच्या!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी पोरं सांगत आली, "हेडमास्तर बाहेर बाकावर बसलेत." सटवाजीनं लगेच तांब्या भरला. मास्तर नको-नको म्हणत होते, तरी धरून चांगल्या चार गुळण्या करवल्या. मास्तरांच्या मिशांतलं पाणी कोटावर गळत होतं.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "आधी विचारावं रे, दुखतंय का म्हणून!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी खरजेनं भरलेली एक पोरगी आली.

"दुखतंय का?"

"नाही, खाजतंय."

"मग जा घरी!"

आता डॉक्टर रडायचेच बाकी राहिले. "सटवाजी, बाबा रे, पोरांना काहीतरी आलेलं असतं. आलेलं गेलं पाहिजे. गेलं की आपण जिंकलो!"

"हे आधी नाही का सांगायचं?" सटवाजी म्हणाला.

पुढच्या महिन्यात शाळेत साथ आली. साठ पोरांचे डोळे आले. डॉक्टरांनी जेवणखाण सोडून औषध घातलं, सगळी पोरं ठणठणीत केली. तेवढ्यात जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. दवाखाना ठेवायचा की बंद करायचा, ते त्यांच्या हातात होतं. आणि साहेब म्हणजे एक नंबरचे संशयी!

"डॉक्टर, तुम्ही गप्प बसा. शिपाई खरं सांगेल. काय रे, किती पोरांचे डोळे आले होते?"

"साठ, साहेब."

"मग पुढं काय झालं?"

सटवाजीनं छाती फुगवली. "गेले, साहेब!"

"गेले? किती जणांचे?"

"साठच्या साठ! एकाचेही राहू दिले नाहीत. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं घालवले!"

साहेब ताडकन उठले. "जा, फौजदाराला बोलाव! डॉक्टरांच्या हातात काय घालायचं ते तोच घेऊन येईल!"

सटवाजी धावत सुटला. वाटेत भेटेल त्याला सांगू लागला, "आमच्या डॉक्टरांचं नशीब उघडलं! साहेब त्यांच्या हातात काहीतरी घालणार आहेत. फौजदार घेऊन येतोय. बहुतेक सोन्याचं कडं असावं!"