घोंगकड्याची ठमाई

घाटाला अजून रस्ता नव्हता आणि मिठासाठीसुद्धा माणसं डोंगर उतरून कोकणात जात, तेव्हाची ही हकीकत. सांगणारे पुष्कळ झाले, ऐकणारेही पुष्कळ झाले. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांतलं मात्र कुणी उरलं नाही.

हिरडमुरे हे डोंगराच्या कुशीतलं धनगरांचं गाव. म्हशी राखायच्या, उतारावर नाचणी आणि कारळं पेरायचं, एवढाच व्यवसाय. गावाच्या पाठीशी एक उभा कडा आहे. त्याला घोंगकडा म्हणतात. पाऊस सरला की कुठल्या कुठल्या मुलखातून आग्या माश्यांचे थवे तिथे येत आणि कड्याच्या पोटाला पोळी बांधत. मोठमोठी, काळीभोर, वाऱ्यावर हलणारी पोळी. दिवसभर कडा घुमत राही. पाळण्यातली पोरं त्या आवाजावर झोपत, असं म्हणतात. खाली रानात झाडांच्या ढोल्यांमधून सातेरी माश्या होत्या. त्या लहान, गरीब स्वभावाच्या.

मधावाचून त्या गावाचं पान हलत नसे. खोकल्याला अडुळशाच्या रसात मध, म्हशीच्या जखमेवर मध, रानात जाणाऱ्याच्या फडक्यात नाचणीची भाकरी आणि वर मधाचं बोट. पायाला भेगा पडल्या की मेण. वैद्य दूर होता, मध जवळ होता.

या गावात ठमा नावाची बाई होती. तिचा नवरा रानबा म्हशी राखायचा. घरात सासू कोंडाई आणि एक मुलगी, रंगू. ठमा कामाला वाघीण होती, पण स्वभावाने उतावळी. हातात घेतलेलं काम तिला लगेच संपलेलं हवं असायचं.

एका फाल्गुनात सगळं खोरं राब भाजत होतं. पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. ठमाचा तुकडा कड्याच्या अगदी पायथ्याशी. तिथला राब वारा बघूनच पेटवायचा असतो, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी वारा एका जागी नव्हता. कोंडाई म्हणाली होती, “आज ऱ्हाऊ दे.” पण ठमाने राहू दिलं नाही. तिने आग लावली, थोडा वेळ ती जळताना पाहिली आणि पाणी भरायला ओढ्यावर गेली.

ती ओढ्यावर असतानाच वारा फिरला आणि सगळा धूर कड्याला जाऊन भिडला.

रानबा तेव्हा कड्याखालच्या वाटेने म्हशी घेऊन येत होता. छोटी रंगू त्याच्याबरोबर होती. वरून माश्यांचा काळा ढग सुटला. रानबाने अंगावरची घोंगडी रंगूवर टाकली आणि स्वतः घोंगडीवर पालथा पडला. माणसं धावत पोचली तेव्हा घोंगडीखाली रंगू जिवंत होती. तिला एक काटासुद्धा लागला नव्हता. रानबा गेला होता.

त्या दिवशी खोऱ्यात सगळीकडे धूर होता. कुणाच्या धुराने माश्या उठल्या, हे कुणी विचारलं नाही. ठमाने सांगितलं नाही.

तेरावं झालं आणि ठमा गावापुढे उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते. म्हणाली, “त्या कड्यावर एक माशी ऱ्हाता कामा न्हाय. तुमच्यात कुणी बाप्या असंल तर चला, न्हायतर मी एकली जाते.”

कुणीही गेलं असतं. रानबा सगळ्यांचा लाडका होता. गावाचे कारभारी सुभाना यांनी दोर काढले. कारवीच्या सुक्या काटक्यांच्या चुडी बांधल्या. तिन्हीसांजेला माणसं कड्याच्या माथ्यावर गेली आणि पेटत्या चुडी दोरांना बांधून खाली सोडल्या. पोळ्यामागून पोळं पेटत गेलं. जळत्या माश्या ठिणग्यांसारख्या दरीत पडत होत्या. पहिली चूड ठमाने सोडली. दोर जळून तुटेपर्यंत तिने तो हातातून सोडला नाही, आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तरी ती थांबली नाही. पुढच्या काही दिवसांत तिने डाव्या हाताने रानातल्या ढोल्यासुद्धा जाळल्या. सातेरीने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. तीही गेली.

हात चिघळला. ठमा तापाने फणफणली. कोंडाईने फळीवरचं मडकं काढलं. त्यात गेल्या सालचा मध होता. ठमाने हात मागे ओढला.

“त्यांचं काय नगं मला, आत्याबाई.”

कोंडाईने मडक्यात बोटं बुडवली. मग म्हणाली, “माझा ल्योक गेलाय, ठमे. मी हा मध हातात घेतलाय. तुला लावून घ्यायला काय झालं?”

ठमाने तोंड फिरवलं आणि हात पुढे केला. कोंडाई रोज जखम धुवायची, मधात भिजवलेली पट्टी बांधायची. महिना सरता सरता हात भरून आला. कातडी ताणल्यासारखी राहिली आणि हाताला काही जाणवेनासं झालं. सुई टोचली तरी कळायचं नाही. पण हात राहिला. त्याबरोबर मडकंही रिकामं झालं. गावातला तो शेवटचा मध होता.

पावसाळा गेला. कारळं फुललं. सगळा उतार पिवळाधमक झाला, असा की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. माणसं खूश झाली. पण काढणीला बोंडं हातात चुरगाळली तर आत दाणा नाही, नुसता भुसा. भोपळ्याच्या वेलांवरची फुलं गळून पडली. हिरड्याला फळ धरलं नाही. त्या थंडीत पोरं खोकत राहिली आणि त्यांना चाटवायला कुणाच्या घरात काही नव्हतं.

गाव म्हणालं, देवीचा कोप. बोकड कापला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, तेव्हा दोन कापले. तिसऱ्या वर्षी कारळं फुललं आणि माणसांनी तिकडे बघायचंही सोडलं.

त्या वर्षी ठमा एकदा शेताच्या बांधावर जाऊन बसली. गवत कापायला गेली होती, दमली म्हणून टेकली. समोर पिवळा उतार, वर निळं आभाळ, ऊन छान पडलेलं. तरी तिला कसंतरी होऊ लागलं. काय चुकतंय ते कळेना. मग तिच्या लक्षात आलं. आवाज नव्हता. एवढी फुलं होती आणि एकही आवाज नव्हता. रानबा गेल्यावर पहिल्यांदा घरात आली होती, तेव्हा घर असंच वाटलं होतं. ती दिवस कलेपर्यंत तिथेच बसून होती. एका फुलावर एक माशी बसली नाही. एकीचे पाय दुसऱ्या फुलाला लागले नाहीत, मग दाणा कुठून भरणार?

विळा तिथेच टाकून ती गावात आली. सुभाना कारभारी देवळापुढे बसले होते, माणसं जमली होती. यंदा रेडा द्यावा का, अशी बोलणी चालली होती.

“देवीला मधी घालू नका, कारभारी,” ठमा म्हणाली. “माश्या न्हाईत म्हणून दाणा न्हाय. माश्या परत आणाय पायजेत.”

सुभाना उसळले. “तूच म्हणालीस जाळा म्हणून. तुझ्या कुकवापायी आमी जाळल्या.”

“व्हय. आन् त्यांना उठवलं बी मीच. त्या दिवशी कड्याखालचा राब मी पेटवला व्हता. वारा बघितला न्हाय.”

ठमाने सासूकडे पाहिलं. कोंडाई देवळाच्या पायरीवर बसली होती.

“मला ठावं हाय,” कोंडाई म्हणाली. “मी दारातनं बघितला व्हता धूर.”

एवढंच बोलून ती काठी टेकत घरी गेली. तीन वर्षं तिला ठाऊक होतं. ठाऊक असताना तिने त्या हाताला पट्ट्या बांधल्या होत्या. ठमा त्या वेळी भुईवर बसली आणि रानबा गेल्यानंतर पहिल्यांदा रडली, असं म्हणतात.

पण गावाने माश्या आणायला होकार दिला नाही. भीती बसली होती. सगळ्यांत जास्त घाबरली होती रंगू. ती आता पाण्याची घागर उचलण्याएवढी झाली होती. घरात साधी गांधीलमाशी आली तरी कोपऱ्यात जाऊन थरथरायची. आईला म्हणाली, “आये, माश्यांनी बाला मारलं आन् तू त्यांनाच आणतीयास?”

“तुझ्या बाला माश्यांनी न्हाय मारलं, रंगे. तू ऐकलंस की देवळापुढं.”

“मला न्हाय ऐकायचं,” रंगू म्हणाली, आणि आईशी बोलायची थांबली.

माघ महिन्यात, पांगाऱ्याला लाल फुलं आल्यावर, ठमा एकटी निघाली. डोंगराची धार ओलांडून पल्याडच्या खोऱ्यात उतरली. तिथे सातेरीचं घर फुटून नवा थवा जांभळीच्या फांदीला लोंबत होता. ठमाने बरोबर दुरडी नेली होती, असं काहीजण म्हणतात. पण हिरडमुऱ्यात असं सांगत नाहीत. हिरडमुऱ्यात सांगतात, की ठमाने तो भाजलेला हात फांदीखाली धरला आणि मुकाट उभी राहिली. तिने काही मागितलं नाही. आधी राणीमाशी उतरली. मग तिच्यामागे सगळ्या. बोटांपासून कोपरापर्यंत तिचा हात माश्यांनी झाकून गेला, जणू जिवंत बाही चढवली होती.

तो हात पुढे धरून ती चालू लागली. चढावर श्वास जोराने टाकला नाही. तोंडावरून घाम ओघळला तो पुसला नाही. वाटेत करवंदीचे काटे लागले तर ती थांबली, पदर हलकेच सोडवला आणि पुढे गेली. धारेवर नेहमी वारा असतो. त्या दिवशी ती जाईपर्यंत वारा खाली बसून राहिला, असं म्हणतात.

दिवस कलताना ती गावाच्या वेशीशी आली. गुराख्यांनी तिला वरून पाहिलं होतं आणि गावात बातमी दिली होती. वेशीवर माणसं आडवी उभी होती. त्यांच्या हातांत चुडी होत्या. काही पेटल्या होत्या, काही धुमसत होत्या.

“ठमा, मागं फिर,” सुभाना म्हणाले. “म्होरं आलीस तर धूर करीन.”

धूर झाला असता तर माश्या उठल्या असत्या. उठल्या असत्या तर ठमा तिथेच संपली असती. हे तिलाही कळत होतं, सुभानांनाही. ती बोलू शकत नव्हती. ओरडली असती तर हात हलला असता. ती नुसती उभी राहिली आणि वारा हळूहळू चुडींचा धूर तिच्याकडे आणू लागला. हातावरचा घुमण्याचा सूर बदलला.

ओढ्याच्या वाटेने रंगू पाणी घेऊन येत होती. तिने आईला पाहिलं, तिचा हात पाहिला. ती तशीच मागच्या मागे पळाली असती, तर कुणी तिला दोष दिला नसता. पण ती माणसांच्या मधून पुढे आली आणि डोक्यावरची घागर तिने पेटत्या चुडींवर ओतली. चर्र झालं. विझलेली काटकी हातात धरून सुभाना बघत राहिले. मग रंगू आईच्या पुढे चालू लागली. माणसं तिच्यासाठी बाजूला झाली.

गावाजवळ एक जुना हिरडा होता. त्याची ढोली ठमाने आतून काळी केली होती, ती आगीची काजळी अजून होती. रंगूने पदराने ढोली पुसून काढली. ठमाने हात आत घातला. एकेक माशी उतरून आत जाऊ लागली. शेवटची माशी उतरली तेव्हा अंधारून आलं होतं. त्या हाताला एकही डंख झाला नव्हता, असं काहीजण म्हणतात. डंख असंख्य झाले होते, पण हाताला कळतच नव्हतं, असं बाकीचे म्हणतात. हात त्या दिवसापासून मधाच्या रंगाचा झाला, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

त्या आश्विनात कारळ्याला दाणा भरला. सगळ्या उताराला नाही, हिरड्याच्या आसपासच्या शेतांना. पण सुभानांनी मूठभर दाणे हातावर घेतले आणि ठमाच्या घरी नेऊन कोंडाईपुढे ठेवले. पुढच्या माघात ठमाबरोबर आणखी माणसं डोंगरापल्याड गेली. हळूहळू रानातल्या ढोल्या भरल्या. फळीवर मडकी दिसू लागली.

आग्या माश्या मात्र आल्या नाहीत. त्यांना आणता येत नाही, त्या आपल्या मर्जीने येतात. ठमा दर कार्तिकात कड्याखाली जाऊन वर बघायची आणि परत यायची. तिचे केस पांढरे झाले, कोंडाई गेली, रंगूला पोरं झाली. लोक आता तिला ठमाई म्हणू लागले होते. एका कार्तिकात ती गेली आणि जेवायच्या वेळेला परत आली नाही. रंगू बघायला गेली. ठमाई खडकाला पाठ टेकून बसली होती, मान वर, डोळे उघडे. ती गेली होती. रंगूने तिच्या नजरेच्या रेघेने वर पाहिलं. कड्याच्या पोटाला एक पोळं लागलं होतं, सुपाएवढं.

आता त्या खडकापाशी ठमाईचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला एक दगड, बाकी काही नाही. हिरडमुऱ्यातल्या सगळ्या देवांना धूप लागतो, उदबत्ती लागते. ठमाईला लागत नाही. तिच्यापुढे कुणी काडीसुद्धा ओढत नाही. चैत्रात तिथल्या खडकातली खळगी पाण्याने भरतात आणि पाण्यावर काटक्या टाकतात, म्हणजे प्यायला आलेली माशी बुडत नाही. मध काढणारा प्रत्येक पोळ्यातला पिल्लांचा भाग आणि थोडा मध सोडूनच उतरतो. सगळा काढला तर दोर तुटतो, असं म्हणतात.

आणि कारळं फुललं की घरातली सगळ्यांत म्हातारी बाई सकाळच्या उन्हात बांधावर जाऊन बसते. ती काही करत नाही, नुसती ऐकते. घरची माणसं तोवर शेतात पाऊल टाकत नाहीत. मग ती उठून घरी येते. दारात सून उभी असते.

“हाईत का?”

“हाईत,” म्हातारी म्हणते, आणि मग सगळे कामाला लागतात.