झाकणावरचा अंगठा

“कावळा का शिवला नाही, बाबा?”

हिरामणने डब्यांचं पोतं खाली टाकलं आणि उभ्याउभ्याच फकिराला विचारलं. दारणेच्या काठी त्याने हेच भटजींना विचारलं होतं. भटजी पंचा पिळत राहिले. मामांना विचारलं. मामा नदीकडे बघत बसले.

आज दौलतचा दहावा होता. दौलत म्हणजे त्याचा थोरला भाऊ. साधा ताप आला आणि त्यातच तो गेला. पिंडाशेजारी कुणी चहा ठेवला, कुणी भजी, कुणी बिडी. दौलतने जन्मात बिडी ओढली नव्हती, तरी ठेवली. कावळे झाडावरून बघत बसले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी पांगली. हिरामणने घरून पोतं उचललं आणि तसाच, मुंडल्या डोक्याने, फकिराच्या तकियात आला. दौलत दर गुरुवारी इथेच येऊन बसायचा.

फकीर लोभान पेटवत होता.

“बस. पिंडापुढे काय काय कबूल केलंस?”

“एकही डबा विकणार नाही म्हणालो. कुणाला हात लावू देणार नाही. काचेचं कपाट करीन.”

“मग?”

“एकही कावळा खाली उतरला नाही.”

“त्यांना कपाट नको असेल.”

हिरामणच्या डोक्यात तिडीक गेली. दादासारखा माणूस असल्या माणसापाशी काय बसायचा...

दादा म्हणजे दादाच. देवळालीच्या जुन्या बंगल्यांमधलं भंगार तो हातगाडीवर आणायचा. त्यातून पाईपच्या तंबाखूचे जुने, न फोडलेले डबे वेगळे काढायचा. डबा तळहातावर घ्यायचा, झाकणावर अंगठा दाबायचा. ‘कट्’ वाजलं, तर डबा मेला. नाही वाजलं, तर जिवंत. आतला तंबाखू काल भरल्यासारखा. पुण्या-मुंबईचे शौकीन मोटारी घेऊन यायचे आणि आपली भिंगं खिशात ठेवून त्या अंगठ्याकडे बघायचे. अंगठा म्हणेल ते खरं.

जहाजाचं चित्र असलेला हिरवा डबा मात्र त्याने कुणालाच दिला नाही. वाटेल ती किंमत सांग, म्हणायचे. दौलत नुसता हसायचा.

“हिरवा आणलास?” फकिराने विचारलं.

“आणलाय. पण तो फोडायचा नाही. फोडला की मेला, दादा म्हणायचा.”

“मला म्हणायचा, पुढच्या गुरुवारी फोडू.”

“खोटं. तुम्हाला ओढायला पाहिजे.”

“पाहिजे तर आहेच,” फकीर हसला. “तो दर गुरुवारी डबा मांडीवर घेऊन बसायचा. मी दर गुरुवारी चिलीम घासून ठेवायचो. माझ्यात एवढा दम नव्हता, पोरा. माझ्या हाती असता तर पहिल्याच दिवशी फुंकला असता.”

...

हिरामणने हिरवा डबा काढला. जहाजाच्या शिडावरचा रंग अंगठ्याएवढा उडाला होता. रंगाखालचा पत्रा चकचकत होता. तिथे त्याने आपला अंगठा ठेवला. नेमका बसला. त्याने दाबलं.

झाकण वाजलं नाही.

“जिवंत आहे,” तो म्हणाला.

“आत काय आहे?”

“तंबाखू.”

“आणखी?”

“सायबाच्या काळची हवा. कोंडलेली. फोडला की ती उडून जाणार.”

फकिराने लोभानाचं धुपाटणं पुढे सरकवलं. धुराची दोरी झाकणाच्या कडेशी उभी राहिली.

“फोड.”

...

हिरामण कधी फार विचार करणाऱ्यातला नव्हता. खिशातलं नाणं काढून त्याने कडेत घातलं आणि पिरगाळलं.

फुस्स...

“गेली,” तो ओरडला.

“कुठे गेली? धूर बघ.”

धूर वाकला होता. झाकणाखालच्या फटीतून सरळ आत शिरला होता. डब्यातून बाहेर काहीच आलं नव्हतं. इतक्या वर्षांनी डब्यानेच श्वास ओढला होता.

मग वास आला. मनुकांसारखा, ओल्या लाकडासारखा. दौलतच्या नाकाला कधीच न लागलेला वास.

फकिराने चिलीम पुढे केली. हिरामणने तंबाखू चुरून चिलीम भरली, काडी ओढली आणि हाताच्या आडोशाने धरली. दादासाठी करायचं एवढंच उरलं होतं. फकिराने डोळे मिटून पहिला झुरका घेतला.

हिरामणने झाकण परत बसवलं. अंगठा आपोआप त्या चकचकीत जागेवर गेला.

कट्.

त्याने पुन्हा दाबलं. कट्. पुन्हा. कट्.

“बाबा... आता शिवेल का कावळा?”

फकिराने धूर सोडला.

“अंगठा काढ.”