भरलेली कळशी आणि थांबलेला सर्व्हर

एकदा एका वृद्ध अभियंत्याने आपल्या शिष्येला एक विचित्र काम सांगितले. ते काम सांगण्याआधी तिची अडचण सांगायला हवी.

या अभियंत्यांचे सारे आयुष्य संगणक सांभाळण्यात गेले होते. आता ते घरच्या पुढच्या खोलीत चारदोन मुलामुलींना शिकवत. त्यांतली ही सर्वांत हुशार आणि सर्वांत उतावळी. नुकतीच पदवी घेतलेली, आणि आपले ज्ञान लोकांच्या उपयोगी पडावे म्हणून तळमळणारी. एका तालुक्याच्या गावी एका विश्वस्त संस्थेचे डायलिसिस केंद्र होते. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसांचे रक्त तिथे यंत्रावर शुद्ध केले जाई. यंत्रे आठ आणि रोगी साठ. कुणाची पाळी कधी, कुठल्या यंत्रावर, हे ठरवणारे ॲप या मुलीने त्या केंद्राला विनामोबदला लिहून दिले होते. ते ॲप चालत होते दूरच्या कुठल्यातरी शहरात, एका मोठ्या संगणकाच्या पोटात मांडलेल्या आभासी संगणकावर. व्हर्च्युअल मशीन म्हणतात ते; केंद्राचा सर्व्हर तोच. त्या यंत्राला तिने कधी हात लावला नव्हता, आणि केंद्रही कधी पाहिले नव्हते.

दोन आठवड्यांपासून त्या ॲपमध्ये एक दोष शिरला होता. यादीतून एखाद्याचे नाव आपोआप गळून पडे. दोनदा ते भिवा सुतार नावाच्या म्हाताऱ्याचे होते. भिवाआबा चाळीस किलोमीटरवरून एसटीने येत. दोन्ही वेळा तिथल्या शालन सिस्टरांनी त्यांना कसेबसे मधे बसवून घेतले. पण तिसऱ्या खेपेला यंत्र रिकामे नसले तर? डायलिसिस चुकलेल्या माणसाच्या अंगात विष साठत जाते. हे त्या मुलीला ठाऊक होते, आणि म्हणून तिला झोप नव्हती.

तिच्या स्वतःच्या संगणकावर तो दोष काही केल्या दिसेना. तेव्हा तिने ठरवले, की इथे बसून तिथल्या चालत्या ॲपच्या आत डोकावायचे. डीबगर नावाचे साधन असते, ते दूरच्या यंत्राला जोडायचे. दोन दिवस ते जोडलेच जाईना. आधी फायरवॉलने, म्हणजे परक्यांना आत न सोडणाऱ्या पहाऱ्याने, अडवले. मग पोर्ट, म्हणजे आत शिरायचे दार, उघडले, तर दोन्हीकडच्या साधनांच्या आवृत्त्या जुळेनात. मग कळले, की तिच्याकडचा प्रोग्राम नवा आहे आणि तिथे चालतो तो महिन्यापूर्वीचा. एकेक गाठ सोडवत तिसऱ्या दिवशी दुपारी तिने ते जोडले आणि जिथे यादी जतन होते त्या ओळीवर ब्रेकपॉइंट ठेवला. ब्रेकपॉइंट म्हणजे थांबण्याची खूण. काम त्या ओळीपाशी आले की ॲप आहे तिथे थिजते आणि त्याच्या हातात त्या क्षणी काय काय आहे, ते आपल्याला वाचता येते.

ॲप थांबले. मुलगी आनंदाने एकेक नोंद वहीत उतरवू लागली. तेवढ्यात शालन सिस्टरांचा फोन आला.

"ताई, स्क्रीन बसलंय बघा. नुसतं गोल गोल फिरतंय. तुमचं मशीन पण दमलं का आमच्यासारखं?"

"मीच थांबवलंय सिस्टर. काम चालू आहे. थांबा ना जरा."

"थांबतो की. थांबायची सवयच आहे आम्हाला."

मुलीने फोन ठेवला आणि वाचत राहिली. सतरा मिनिटांनी तिने ॲप पुन्हा सोडले. वहीची दोन पाने भरली होती. दोष मात्र सापडला नव्हता. थांबवून पाहिले तर सारे कसे जागच्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांकडे आली ती रागातच. तिने सगळा वृत्तान्त सांगितला आणि म्हणाली की आज ती पुन्हा ॲप थांबवणार आहे, आणि या वेळी चांगले अर्धा तास.

सरांनी वही चाळली. अक्षराचे कौतुक केले. मग म्हणाले, की आज गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी ते स्वतःच घालतील. तिने फक्त दारात उभे राहायचे आणि मनात येईल तेव्हा 'थांबा' म्हणायचे. थांबले की कळशीविषयी दहा गोष्टी वहीत टिपायच्या. दहा झाल्या की 'चला' म्हणायचे.

तिला वाटले, सरांचे वय झाले. पण ती उभी राहिली. सरांनी तांब्याची भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि चालू लागले. गॅलरीच्या मध्यावर आल्यावर ती म्हणाली, "थांबा."

ते थांबले. ती लिहू लागली. एक, कळशी गळ्यापर्यंत भरली आहे. दोन, डाव्या अंगाला पोचा आहे. तीन, काठाला हिरवट डाग. चौथी गोष्ट शोधायला तिने मान वर केली, तेव्हा कळशीतले पाणी थरथरताना तिला दिसले. मग ते धरणारी बोटे दिसली. नखांखालचा रंग पांढरा पडला होता. सर मात्र शांतपणे समोर बघत उभे होते, जणू त्यांना कुठेच जायचे नव्हते.

"सर, ठेवा ती खाली."

"तू थांब म्हणालीस. आता तू चल म्हटल्याशिवाय मला काही करता येत नाही."

"चला मग. चला ना."

"अगं, अजून सात गोष्टी राहिल्यात."

"राहू देत," ती म्हणाली. तिने वही टाकली, पुढे होऊन कळशीला खालून हात लावला आणि दोघांनी मिळून ती कठड्यावर टेकवली.

सरांनी हात झटकले, हसले आणि तिच्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "बाळ, तू जोडलीस ती तार उत्तम जोडलीस. मला तीन दिवसांत जमली नसती. पण तारेच्या त्या टोकाला यंत्र आहे एवढंच तू धरून चाललीस. त्या यंत्राच्याही पलीकडे कुणीतरी भरली कळशी घेऊन चाललेलं असतं. आपण थांब म्हणतो, आणि आपल्याला वाटतं नुसता प्रोग्राम थांबला. आणखी एक. मी थांबलो तेव्हा तू माझं चालणं पाहिलंच नाहीस, थांबणं पाहिलंस. कळशी हिंदकळते ती चालताना. थांबवून बघशील तर तुला सगळं जागच्या जागीच दिसणार." क्षणभराने त्यांनी वहीवर बोट ठेवले. "काल सतरा मिनिटं तिथे काय काय थांबलं होतं, ते यात कुठे लिहिलंयस?"

ते कुठेच लिहिलेले नव्हते.

मुलीने तिथूनच शालन सिस्टरांना फोन लावला आणि काल काय झाले ते विचारले. सिस्टरांनी तक्रार केली नाही. पाळ्यांत केलेले बदल जतन होईनात, कुणाला कुठले यंत्र द्यायचे ते ठरेना, म्हणून दुपारची पाळीच उशिरा लागली, एवढेच म्हणाल्या. भिवाआबांची पाचची एसटी चुकली. मग त्यांना सिस्टरांनी आपल्या घरी मुक्कामाला नेले. "काही नाही हो ताई, भाजी कमी मिठाची केली, एवढंच," सिस्टर म्हणाल्या, "आबा म्हणत होते, ती पोरगी आपल्यासाठीच झटतीय, होतो कधी उशीर."

मुलीने वहीचे नवे पान उघडले. मग तिने, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, एक प्रश्न विचारला. सिस्टर, तुम्ही ही यादी दिवसभर वापरता कशी?

सिस्टरांनी सांगितले. दोन आठवड्यांपासून त्यांच्या गावात दुपारी नेट जाऊ लागले होते. म्हणून त्या सकाळी सातला आल्या आल्या यादी उघडून ठेवत आणि दिवसभर मिटत नसत. मिटली आणि नेट गेले, तर पंचाईत. दरम्यान पुढच्या टेबलावरचा माणूस त्याच्या संगणकावरून पाळ्या बदलत राही. संध्याकाळी कुणाकुणाचे झाले त्या खुणा करून सिस्टर आपली यादी जतन करत, तीच सकाळची.

मुलीने कपाळावर हात मारला. सकाळची यादी संध्याकाळच्या यादीवर बसत होती, आणि मधल्या काळात जोडलेली नावे तिच्याखाली पुसली जात होती. थांबवलेल्या सर्व्हरमध्ये हे दिसले नसते. त्याच्या हातात एका वेळी एकच यादी होती, आणि ती बरोबरच होती. चूक दोन याद्यांच्या मधल्या दिवसात होती.

त्या दिवशी तिने चालत्या ॲपला हात लावला नाही. आभासी यंत्राची हुबेहूब नक्कल काढता येते. ती तिने काढली, खरी नावे पुसून खोटी घातली, आणि दोन खिडक्यांत तीच यादी उघडून पाहिली. दहा मिनिटांत नाव गळाले. त्या नकलेला तिने हवा तितका वेळ थांबवले, कारण तिथे कुणी रांगेत उभे नव्हते. मग दुरुस्ती केली: जुनी यादी जतन करायला गेले, की ॲपने आधी सांगायचे, मधल्या काळात ही बदलली आहे, नवी नावे बघून घ्या. केंद्र बंद झाल्यावर सिस्टरांना विचारून तिने ती बसवली.

सोमवारी भिवाआबांचे नाव यादीत होते, चौथ्या यंत्रावर. ते सांगायला तिने सिस्टरांना फोन केला. पलीकडे यंत्रांची टिकटिक ऐकू येत होती आणि कुणीतरी पाणी मागत होते.

"बोला ताई," सिस्टर धावत आल्यासारख्या म्हणाल्या, "आबांना सुई लावत होते. सोडून आले मधेच."

"सोडू नका, सिस्टर," मुलगी म्हणाली. "तुमच्या हातातलं होऊ द्या. मी थांबते."

आणि फोन कानाशी धरून ती थांबली. शेजारी सर कुंड्यांना पाणी घालत होते, अर्ध्या भरलेल्या कळशीने.