गोड्या पाण्याची विहीर

“मग माझं कमी काय पडतंय, चाचा?”

निशिकांत एकदाचा विचारून मोकळा झाला. तीन वर्षं तो दाऊदचाचांच्या मागोमाग वेळकोटच्या जलदुर्गावर पाहुण्यांना हिंडवत होता. इतिहासात एम.ए. झालेला गडी. उद्या चाळीस शिक्षकांची सहल यायची होती आणि ती एकट्यानं न्यायला मिळावी म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. चाचा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

मी त्यांची होडी चालवतो. शेवटची फेरी भरायची होती, म्हणून दरवाज्याच्या सावलीत बसलो होतो.

चाचा सुंभाचा दोर गुंडाळत होते. लोकांना काय काय दाखवशील, एवढंच त्यांनी विचारलं.

झालं! गाडी सुटली. एकोणीस बुरूज, तोफा, चोरदरवाजा, पलीकडच्या किनाऱ्यावरचं दीपगृह, जुनी वखार, टेकडीवरचं देऊळ... सनावळ्या तर तोंडपाठ. पठ्ठ्या मधे श्वाससुद्धा घेत नव्हता.

“आणि सगळ्यात मोठं नवल,” तो म्हणाला, “चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याची विहीर.”

“गोड?”

“एकदम गोड.”

निशिकांतच्या पिशवीतून विकतच्या पाण्याची बाटली डोकावत होती. चाचांनी ती अलगद काढून घेतली आणि दोर नि पोहरा त्याच्या हातात ठेवला.

तो विहिरीकडे गेला. दोर पाण्यापर्यंत पोचेना. शेवटी त्यानं पिशवीचा पट्टा सोडून दोराला बांधला, कठड्यावर पालथा पडला आणि कसाबसा पोहरा भरून वर काढला.

परत आला तो सदरा भिजवून.

“चाचा... पाणी मचूळ आहे.”

त्यानं पोहरा चाचांसमोर ठेवला.

“तीन वर्षं मी लोकांना गोड म्हणून सांगतोय.” त्याचे कान लाल झाले होते. मला वाईट वाटलं त्याचं. मग तो हळूच म्हणाला, “पण पिता येतं. मी दोनदा प्यायलो. वेढा पडला तेव्हा आतल्या माणसांनी हेच पाणी पिऊन दिवस काढले असतील, नाही?”

“उद्या काय सांगशील?”

निशिकांतनं पोहऱ्यातल्या पाण्यात हात बुडवला.

“विहिरीपाशी काहीच सांगणार नाही,” तो म्हणाला. “एकेकाच्या ओंजळीत पाणी घालीन.”

चाचांनी त्याची बाटली त्याला परत दिली. दोर मात्र त्याच्याचकडे राहू दिला.

“उद्या दोर दोन हात जास्त घे,” ते म्हणाले. “मे महिन्यात पाणी खाली जातं.”