वाट न बघणारी सिस्टिम

“...म्हणजे सगळंच इव्हेंटवर चालवायचं, की काहीच नाही?”

इंद्रनील पोंक्षे तिसऱ्यांदा विचारत होता. चार रक्तपेढ्यांना जोडणारी सिस्टिम त्याने बांधली होती. गुहागरजवळच्या या बागेत तो सकाळीच गाडी हाकत आला होता, शरयूताई भाट्यांना विचारायला. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजसाठी सॉफ्टवेअर लिहून ताई इथे येऊन राहिल्या होत्या. त्याला प्रोग्रामिंग त्यांनीच शिकवलेलं.

ताई पपनसाच्या झाडाला शिडी लावत होत्या.

“झालं काय, ते सांग आधी.”

“रक्ताची एक पिशवी. ओ निगेटिव्ह. आमच्याकडे कुठलाच भाग दुसऱ्यासाठी थांबत नाही. ‘पिशवी राखली’ असा इव्हेंट, म्हणजे नुसती घोषणा, सोडायची आणि पुढे जायचं. ज्याला हवी, तो ऐकतो. दोन हॉस्पिटलांनी एकाच वेळी मागितली. आम्ही दोघांनाही ‘मिळाली’ म्हटलं.”

“मग?”

“एक बाळंतीण रक्तासाठी चाळीस मिनिटं...” त्याने फोन काढला, न बघताच खिशात टाकला. “वाचली. पण अर्धी टीम म्हणते, इव्हेंट काढून टाका. अर्धी म्हणते, वेग त्यांच्यामुळेच आहे. सोमवारी मला ठरवायचंय, ताई.”

“शिडी धर.”

त्याने धरली. ताई चार पायऱ्या चढल्या आणि थांबल्या.

“धरलीस?”

इंद्रनीलचं लक्ष नव्हतं.

ताई तिथेच उभ्या. वाऱ्याने फांदी हलली. त्या चढेनात, उतरेनात.

“धरलीस का रे?”

“हो, हो! घट्ट.”

मग त्या वर गेल्या. आकडीने देठ ओढला. पलीकडे पेंढ्यावर धप्पकन आवाज झाला.

“पडलं गं!” ताई ओरडल्या आणि खाली न बघता दुसऱ्या फांदीकडे वळल्या.

गवत कापणारी सुमन विळा ठेवून आली, फळ उचलून टोपलीत टाकलं, परत गेली. कुंपणाबाहेरच्या शेळीनेही कान टवकारले.

“पडलं गं!”

पुन्हा तसंच.

इंद्रनील बघत राहिला...

“ताई, माझ्या उत्तरासाठी तुम्ही थांबलात. सुमनच्या नाही.”

वर आकडी पुढच्या देठाकडे सरकली.

“म्हणजे पिशवी राखताना विचारायचं. ‘हो’ आल्याशिवाय पुढे पाऊल नाही. आणि एकदा राखली, की गाडीवाल्याला, लॅबला, नोंदीला नुसतं कळवायचं... सगळं की काहीच नाही, हा प्रश्नच चुकला होता माझा!”

शिडीवरचे दोन्ही हात काढून त्याने फोन घेतला. नंबर लावत तो कुंपणापर्यंत गेला.

“ऐका रे, इव्हेंट काढू नका! फक्त राखण्याचा भाग—”

मागे शिडी करकरली.

“इंद्रनील,” वरून शांत आवाज आला, “मी अजून उतरले नाहीये.”