तळपायाचं वैराग्य

“मग बाबा, उद्या निखाऱ्यांवरून चालायची आज्ञा आहे ना?”

पुंजारामाने हे सकाळीही विचारलं होतं. आता दुपार कलली होती.

केरूबाबा ओसरीवर बसून धुनीची राख फडक्यातून गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पानी पी,” ते म्हणाले.

“आत्ताच तांब्याभर प्यालो.”

“म्हनून तर म्हनलं. आनखी लागंल तुला.”

लागलंच. दुसरा तांब्या पुंजारामाने एका दमात रिकामा केला आणि उपरण्याने ओठ पुसले.

निंबदऱ्याचा मठ तसा लहानच. बालाघाटच्या एका उघड्याबोडक्या डोंगरावर धुनी, थोरल्या महाराजांची समाधी, पुढे काळ्या दगडाची फरसबंदी, आणि या सगळ्याची झाडलोट करणारे केरूबाबा. पुंजाराम पोरसवदा असताना त्याच्या आईने त्याला इथे आणून सोडलं होतं. पुढे त्याला कंठ फुटला, कीर्तनं गाजू लागली, गाडी आली, गाडीच्या मागे चार गाड्या आल्या. आता जग त्याला पूर्णानंद महाराज म्हणत होतं. बाबांच्या पुढ्यात मात्र तो पुंजाच होता, आणि ते त्याला हल्ली थोडं खुपत होतं.

बाबा थकले होते. मठाला वारस हवा होता.

थोरले महाराज उत्सवाच्या दिवशी धुनीच्या निखाऱ्यांवर उभे राहिले आणि त्यांनी हूं की चूं केलं नाही, ही गोष्ट त्या पंचक्रोशीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. उद्या तोच उत्सव होता. जो निखाऱ्यांवरून शांत चालेल त्याचीच गादी, असं पुंजारामाने गावोगावच्या कीर्तनांत सांगून ठेवलं होतं. चालणार कोण, हे सांगायची गरज त्याला वाटली नव्हती.

“बाबा, मघाशी भर उन्हात फरसबंदी ओलांडून आलो. अनवाणी. बाकीचे उड्या मारत होते. लोकांनी मोबाइलवर काढलंय.”

“पायाला काय वाटलं?”

“काहीच नाही.”

“काहीच न्हाई...”

“देह विसरलो, बाबा.”

बाबांनी फडकं झटकलं. राखेचा हलका धूर उठला आणि बसला.

“आनखी काय काय इसरलास?”

पुंजारामाला प्रश्न आवडला. गुरूने शिष्याचं तप विचारावं, याहून मोठा मान कोणता?

“काया झिजली, बाबा. पोटभर जेवतो, तरी अंगावर मांस धरत नाही. लोक म्हणतात, महाराज तपाने वाळले.”

“बरं.”

“डोळ्यांपुढे धुकं येतं. मी सांगतो, बाहेरचं पुसट होतंय, कारण आतलं उजळतंय.”

“आन तहान?”

“ती तर ईश्वराची तहान, बाबा. तिच्यावर माझं स्वतंत्र निरूपण आहे.”

“आसंल,” बाबा म्हणाले. “पहाटं तू वड्याकडं लघवीला बसलास, तिथं मुंग्यांची रांग लागलीया. त्येच्यावर बी निरूपन हाय का?”

एवढ्या वर्षांच्या कीर्तनांत हा दृष्टांत त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता.

“पाय इकडं कर,” बाबा म्हणाले.

“काय?”

“पाय. माज्या मांडीवर ठेव.”

“बाबा, हे भलतंच उलटं झालं. गुरूने शिष्याचे पाय...”

“उलटंच बघावं लागतंय. तळवा कुनाला सुलटा दिसतूय?”

पुंजारामाचा नाइलाज झाला. भिंतीला टेकून त्याने उजवा पाय पुढे केला. बाबांनी तो मांडीवर घेतला, बाजूची पाण्याची घागर ओढली, धुनीजवळच्या मोरपिसांच्या कुंच्यातून एक पीस उपसलं.

“डोळं मिट. तळव्याला पीस लागलं की ‘हं’ म्हन.”

त्याने डोळे मिटले.

ही ओसरी त्याच्या ओळखीची होती. इथेच, याच भिंतीला टेकून, तो लहानपणी बाबांपुढे पाय धरून बसायचा. बाभळीचा काटा आत मोडलेला असायचा. बाबा सुईने कोरायचे, आणि त्याचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून एका गाढवाची लांबलचक गोष्ट सांगायचे. गाढव बाजाराला निघायचं, ते काटा निघेपर्यंत बाजारात पोचायचंच नाही. मग गरम गुळाचा चटका. पुंजा असा बोंबलायचा की लिंबावरचे कावळे उडून जायचे.

आणि उन्हाळ्यातली ती फरसबंदी. पाय ठेवायची सोय नसायची. बाबा घागरभर पाणी ओतून दगडावर ओली वाट करून द्यायचे, आणि वाट वाळायच्या आत पुंजाने समाधीपर्यंत पळत सुटायचं. ओल्या दगडाची ऊब तळव्याला लागायची. थंडीत सकाळी फुलं आणायला जाताना गवतावरचं दव बोटांच्या बेचक्यांत शिरायचं. नुकत्या सारवलेल्या जमिनीचा गारवा. मठामागच्या कुंडाच्या पायरीवर पाय सोडून बसलं की बारके मासे येऊन टाचेला टोचायचे, आणि हसता हसता त्याच्या हातातली फुलं पाण्यात सांडायची...

दव शेवटचं कधी लागलं पायाला?

त्याने आठवून पाहिलं. कुठल्या गावी किती गर्दी होती ते आठवलं. कोणी घातलेले हार आठवले. दव काही आठवेना. त्याला एकाएकी फार एकटं वाटलं.

बाहेर मंडपवाल्यांची ठोकाठोक चालली होती. बाबांनी अजून पीस लावलं नव्हतं.

“लावा ना, बाबा.”

...

“बाबा?”

“डोळं उघड.”

बाबांच्या एका हातात मोरपीस होतं. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर मंडपाचा एक बारीक खिळा होता. त्याला रक्त लागलेलं होतं. मांडीवरचं फडकं लाल झालं होतं.

“हे काय?”

“तुज्या पायात व्हतं. निम्मं आत.”

“कधी काढलंत?”

“तू हासत व्हतास, तवा.”

पुंजाराम खिळ्याकडे बघत राहिला.

“आणि पीस?”

“ते तर आदीच फिरवून झालं. बोटापसनं टाचेपोतर.”

पुंजारामाने पाय वळवून तळवा पाहिला. टाचेवर दुपारच्या दगडाने आलेला फोड फुटून लोंबत होता. बोटांच्या मुळाशी जुनी भेग काळी पडली होती. सकाळपासून शेकडो माणसांनी या पायांवर डोकं टेकलं होतं. त्यांपैकी एकानेही हा पाय पाहिला नव्हता, आणि पायाच्या मालकाने तर कित्येक महिन्यांत नाही.

तरी अभिमान सहजासहजी मरत नाही. तो पालीच्या तुटलेल्या शेपटासारखा वळवळतो.

“पण थोरल्या महाराजांनाही काही वाटलं नव्हतं, बाबा. निखाऱ्यांवर उभे होते ते. त्यांना कुठे कळलं?”

बाबांनी पीस खाली ठेवलं.

“न्हवतंच कळलं,” ते म्हणाले. “म्या व्हतो तिथं.”

...

“त्येंच्या पायाचं पुढं काय झालं, ठावं हाय?”

“नाही.”

“वरीसभर म्या धुतला. आदी बोटं काळी पडली, मग पाऊल, मग वर चढत गेलं. म्हाराज म्हनायचे, दुखत न्हाई रं केरू, उगं कशाला रडतूस. त्येंच्या बी लघवीला मुंग्या लागायच्या. आमी म्हनायचो, देवाचं मानूस, त्येंचं समदंच गोड.”

बाबांनी मांडीवरच्या लाल फडक्याची घडी घातली.

“लोकं निखारं सांगत्यात, पुंजा. वास कुनी सांगत न्हाई.”

बाहेरची ठोकाठोक थांबली होती.

“ऊठ. टाच टेकू नगंस. ज्या शिबिराची फीत सकाळी कापलीस, त्या शिबिरात जाऊन ये.”

शिबिर म्हणजे जत्रेनिमित्तची मोफत आरोग्य तपासणी. सकाळी पूर्णानंद महाराजांनी तिथे आरोग्यावर अर्धा तास आशीर्वचन दिलं होतं आणि बोटाला सुई लावून न घेता ते निघून गेले होते. आता पुंजाराम दोघांच्या खांद्यांवर भार टाकून मंडपात आला तेव्हा तिडके डॉक्टरीणबाईंनी आधी त्याचा पाय पाहिला, मग चेहरा, आणि मग त्याच्या बोटाला सुई लावली.

यंत्रावर आकडा आला. चारशे बारा.

“कधीही तपासलं तरी दोनशेच्या वर जायला नको,” त्या म्हणाल्या. “शिवाय तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं. मधुमेह आहे, महाराज. उद्या उपाशीपोटी रक्त घेईन. तीन महिन्यांची सरासरी कळते, तीही तपासणी करू. म्हणजे किती मुरलाय ते समजेल.”

“पण हल्ली मी गोड कमी केलंय.”

“हा एका लाडवाने होत नाही, आणि एक लाडू सोडून जातही नाही. वर्षानुवर्षं आत चालू असतं. घरात कुणाला होता?”

पुंजारामाला आई आठवली. तिच्या अंगठ्याला ठेच लागली होती, ती काही केल्या भरून आली नव्हती. ठेचेने कुणी मरतं का, असं तेव्हा गाव म्हणालं होतं.

“आईला... असावा.”

बाईंनी जखम धुवायला घेतली. धुता धुता त्या सांगत होत्या. अन्नातली साखर रक्तात येते, पण तिला आत घेणारी दारं हळूहळू उघडेनाशी होतात. कणगी भरलेली आणि घर उपाशी, अशी गत. म्हणून खाऊनही माणूस वाळतो. साचलेली साखर लघवीवाटे जाताना पाणी ओढून नेते, म्हणून तहान. आणि ती रक्तात नुसती फिरत राहिली तरी डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडं, बारीक नसा खात राहते. लांबच लांब नसा पायाच्या. त्या आधी जातात.

“आधी जळजळायचं का? सुया टोचल्यासारखं?”

“व्हायचं. मग थांबलं. मला वाटलं, बरं झालं.”

बाईंनी मान हलवली. हे उत्तर त्यांनी पुष्कळदा ऐकलं असावं.

“परत येईल का?” पुंजारामाने विचारलं. “पायाला कळणं?”

“गेलेलं किती येईल, ते सांगता येत नाही. उरलेलं राखता येईल. औषध, खाणं, चालणं, आणि रोज तळपाय बघायचे. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. उद्याच्या निखाऱ्यांचं तर...”

त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली.

पुंजाराम ओसरीवर परतला तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात उद्यासाठी लाकडं रचणारे गडी त्याच्या पायाची पट्टी बघून थबकले. हळूहळू लोक जमू लागले. कुणी काही विचारलं नाही, पण सगळे उभे होते.

तो बाबांसमोर बसला. त्याला बोलायचं होतं.

“बाबा... तुम्ही काटा काढायचात. गुळाचा चटका द्यायचात.”

“हं.”

“किती बोंबलायचो मी.”

“कावळं उडायचे.”

“तसं एकदा...” त्याने पायाच्या पट्टीवर हात ठेवला. “तसं एकदा दुखायला पायजे व्हतं, बाबा. आज. तुमी खिळा काढला तवा.”

कीर्तनाची शुद्ध भाषा कधी गळून पडली, ते त्याला कळलं नाही. तो लहान पोरासारखा रडला. बाबांनी त्याला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला नाही, गाढवाची गोष्टही सांगितली नाही.

बऱ्याच वेळाने पुंजारामाने डोळे पुसले.

“मला गादी नगं. मी त्या लायकीचा न्हाई. पर बाहेर लोकं उभी हायेत. निखाऱ्यावरनं चालंल त्येचीच गादी, आसं मी समद्यांना सांगून बसलोय. आता मी त्यांना काय दावू?”

बाबा उठले. भिंतीला धरून, गुडघ्यावर हात टेकून, ओसरीच्या पायरीपर्यंत गेले. तिथे त्यांच्या रोजच्या वहाणा होत्या, जाड तळाच्या, झिजून पायाच्या आकाराच्या झालेल्या. त्यांनी त्या हातात उचलून आणल्या, उपरण्याने पुसल्या, आणि पुंजारामासमोर जमिनीवर ठेवल्या.

अंगणातली कुजबुज थांबली.

निंबदऱ्याची गादी कधी कागदावर दिली गेली नव्हती. गुरूने आपल्या पादुका शिष्यापुढे ठेवायच्या, शिष्याने त्या मस्तकी धरायच्या, आणि सगळ्यांनी हात जोडायचे. थोरल्या महाराजांकडून केरूबाबांकडे ती अशीच आली होती. अंगणातल्या म्हाताऱ्यांना ते ठाऊक होतं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

पुंजारामाला खरं वाटेना. त्याने बाबांकडे पाहिलं.

मग तो वाकला. दोन्ही हातांनी त्याने वहाणा उचलल्या आणि मस्तकाकडे नेल्या.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“डोक्यावर न्हाई, पुंजा,” ते म्हणाले. “पायात घाल.”