येसूने उकरलेली तळी

भोगमाळ आणि सातुळण या दोन गावांच्या शिवेवर, घाटाच्या तोंडाशी एक तळी आहे. अकरा हात लांब आणि जेमतेम दोन हात रुंद. ‘ही कसली तळी, हा तर चर आहे,’ असं पाहुणे म्हणतात, फोटो काढतात, वेफर्सची रिकामी पिशवी पाण्यात टाकतात आणि पुढच्या धबधब्याकडे निघून जातात. शेजारच्या राखणदार देवाच्या घुमटीचे गुरव, नारबा, ती पिशवी काठीने बाहेर ओढतात. ऐंशी उलटली तरी त्यांचा राग उतरलेला नाही. जो थांबेल त्याला ते तळीची हकिकत सांगतात. ऐकणाऱ्याने मध्ये हसायचं नाही, एवढी एकच अट.

फार जुनी गोष्ट, असे सांगतात. भोगमाळ घाटावर, सातुळण घाटाखाली, मध्ये दीड कोसाची उतरण. राखणदार दोघांचा एकच. सोयरीक एकमेकांत. फरक होता तो बोलीचा, आणि त्यावरून वर्षभर थट्टा चाले. पण शिमग्याच्या पाचव्या दिवशी दोन्ही गावं या माळावर खेळायला जमत, आणि त्या दिवशी थट्टेची धार वाढे. खेळ तोच. जमिनीत लहानसा खळगा, त्यावर आडवी ठेवलेली टोकदार विटी, आणि ती उडवायला हातभर लांब दांडू. मात्र घाटाखाली विटीला म्हणत कोयंडा आणि दांडूला म्हणत बाल. लाकूड एकाच खैराचं, तासणारा सुतारही एकच. तरी भोगमाळचे म्हणत, ‘‘खालच्यास्नी दांडूला दांडू म्हणता येईना, ते काय डोंबल खेळणार!’’ आणि खालचे म्हणत, ‘‘वरच्यांच्या तोंडात भाषा नाय, ढेकळा आसत.’’

येसू ही भोगमाळची लेक आणि सातुळणची सून. आई लवकर गेली, म्हणून धाकट्या भावाला, रवळूला, तिनेच कडेवर घेऊन वाढवलं होतं. सासरी ती बाल म्हणे, भावाशी बोलताना दांडू म्हणे. तिची जीभ कधी अडखळली नाही. अडायचं ते सगळं पुरुषांचं.

एका वर्षी रवळूने विटी अशी टोलावली, की ती थेट करवंदीच्या जाळीपलीकडे पडली. पडलेल्या जागेपासून खळग्यापर्यंतचं अंतर दांडूने मोजायचं, आणि मोजायचं ते प्रतिपक्षाने, असा रिवाज होता. सातुळणच्या बाजूने मोजायला आला येसूचा नवरा धाकू. सकाळपासून हरत आलेला, मनातून धुमसत असलेला.

‘‘दाजी, दांडू नीट टाका. दोन कमी मोजलासा,’’ रवळू म्हणाला.

‘‘दांडू नाय, बाल म्हण. आमच्या शिवेत उभो आसस तू.’’

‘‘हरलासा म्हणून त्याचं नाव बदलतंय व्हय?’’

भोगमाळचे खदखदून हसले. आणि धाकूने हातातलं खैराचं लाकूड मेव्हण्याच्या कानशिलावर हाणलं.

रवळू लगेच गेला नाही. तो खळग्याशी पडून पाणी मागत होता, असे सांगतात. तेव्हा या माळावर पाण्याचा थेंब नव्हता. ओढा अर्ध्या कोसावर. माणसं शंभराच्या वर होती, पण एकाचाही पाय ओढ्याकडे वळला नाही. कारण सगळे एकमेकांच्या छातीशी छाती भिडवून ‘दांडू’ आणि ‘बाल’ असं ओरडत होते. येसू भाकऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन माळावर पोचली, तेव्हा तिला गर्दीच्या पायांमधून भाऊ दिसला. टोपली टाकून, कोणाची तरी घागर हिसकावून ती ओढ्याकडे धावली. परत आली तेव्हा ज्याला पाणी पाजायचं तोच उरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी राखणदारापुढे दोन्ही गावं बसली. येसूला दुसरं काही नको होतं. ज्याने मारलं त्याने देवापुढे ‘मारलं’ म्हणावं, एवढंच. नवऱ्याला फाशी द्या, असंही ती म्हणत नव्हती. खरं बोला, एवढाच तिचा हट्ट होता.

धाकू पुढे आला. घुमटीच्या पायरीवर हात ठेवून म्हणाला, ‘‘राखणदाराच्या साक्षीन सांगतंय, माज्या हातात दांडू नव्हतो. मी दांडून कोणाक मारूक नाय.’’

सातुळणच्या गावकाराने, म्हणजे त्यांच्या प्रमुखाने, लगेच री ओढली. ‘‘आमच्या गावात दांडू नायच. नसलेल्या वस्तून माणूस मरता कसो?’’ आणि सगळ्या सातुळणने माना डोलावल्या. शब्दाला शब्द बरोबर होता ना! देवाला फसवायला निघालेली माणसं हिशेबात कधी चुकत नाहीत. नारबा इथे काठी जमिनीवर आपटतात.

आता आपला पाटील उठेल, यांची सालं काढेल, असं येसूला वाटलं. भोगमाळचा पाटील उठलाही. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, ‘‘देवाची आण घेतलीया, मग आम्ही काय बोलणार? पण एक. ह्या माळावर आजपास्नं समद्यांनी दांडूच म्हणायचं. तुमचं ते बाल इथं चालायचं न्हाई. येवढं कबूल करा, आम्ही मिटवतो.’’

गावकाराने मान डोलावली. पानसुपारी फिरली. भोगमाळचे लोक लढाई मारल्यासारखे एकमेकांच्या पाठी थोपटू लागले.

येसूच्या अंगाची लाही लाही झाली. सासरच्यांनी तिचा भाऊ शब्दाआड लपवला होता, आणि माहेरच्यांनी त्याच शब्दाच्या मोलाने तो विकून टाकला होता. ती उठली. बायांनी पंचायतीत बोलायचं नाही हा दंडक त्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

‘‘माझा भाऊ मातीत गेला, आन् तुम्ही शबुद जिंकून निघालासा?’’ ती पाटलाला म्हणाली. ‘‘त्यानं पाणी मागितलं तवा शंभर माणसं हुती हितं. शंभर! एकाला तरी लाज वाटली?’’

घुमटीमागे ते लाकूड तसंच पडलं होतं, रक्त वाळलेलं. ते उचलून ती खळग्याशी गेली आणि रवळूने जिथे पाणी मागितलं तिथेच गुडघे टेकून माती उकरू लागली. कोणी हसलं, कोणी म्हणालं डोकं फिरलं. संध्याकाळपर्यंत माळ रिकामा झाला, पण येसू हलली नाही.

रोज सकाळी धाकू घाट चढून येई. ‘‘येसू, घराक चल गे.’’

‘‘कशानं मारलास ते बोल.’’ आजवर नवऱ्याला कधी एकेरीत न बोललेली बाई आता त्याच्याकडे न बघता एकेरीत बोलत होती.

चौथ्या दिवशी तो कुजबुजला, ‘‘बालान मारलंय. झाला? चल आता.’’

‘‘न्हाई झालं. देवापुढं ज्या शबुदाआड लपलास, त्योच शबुद घेऊन बोल. दोन्ही गावांपुढं बोल.’’

नऊ दिवस ती उकरत होती म्हणे. तळहात सोलून निघाले, चर अकरा हात लांबला. आधी हसायला येणारे लोक मग पाहायला येऊ लागले, आणि शेवटी दोन्ही गावं काठावर उभी राहिली. नवव्या दिवशी धाकू चरात उतरला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘दांडून मारलंय. मीच मारलंय माज्या मेव्हण्याक.’’ त्याच वेळी खालच्या खडकातून पाणी फुटलं. काही म्हणतात, पाणी आधी आलं आणि ते बघून तो घाबरून बोलला. नारबांचं म्हणणं, कधी आलं याला महत्त्व नाही.

‘दांडू’ ऐकून भोगमाळच्या पाटलाच्या चेहऱ्यावर हसू आलं. येसूने ते पाहिलं. चिखलाने माखलेली ती वर चढली आणि ते लाकूड त्याच्या छातीशी धरलं.

‘‘ह्येला काय म्हणत्यात?’’

‘‘दांडू,’’ पाटील म्हणाला.

‘‘माझ्या भावाचा सौदा करून घेतलेला शबुद हाय तो. तुमच्या तोंडात ह्या माळावर पुन्यांदा यायचा न्हाई. खालच्यांनी दांडू म्हणायचं, तुम्ही बाल म्हणायचं. दातखीळ बसली तरी म्हणायचं. बोला!’’

पाटलाने इकडे तिकडे पाहिलं. कोणी पुढे आलं नाही. घशातून काटा काढावा तसा त्याने ‘बाल’ हा शब्द काढला.

धाकू अजून चरातच उभा होता. नऊ दिवस घाट चढून उतरून त्याचेही ओठ फुटले होते. त्याने पाण्याकडे पाहिलं, पण वाकायचं धाडस झालं नाही. येसू पुन्हा खाली उतरली. फुटलेल्या, सोलवटलेल्या हातांची ओंजळ भरून तिने त्याच्यापुढे धरली.

‘‘पी. तहानलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं.’’

तो प्यायला. त्यानंतर तो मरेपर्यंत कोणाशी वर मान करून बोलला नाही, असे सांगतात. येसू सासरी गेली नाही की माहेरी. तळीच्या काठी झोपडी घालून राहिली आणि तिथेच गेली.

आजही शिमग्याच्या पाचव्या दिवशी दोन्ही गावं या माळावर खेळतात. सातुळणचे लोक दांडू म्हणतात, भोगमाळचे बाल म्हणतात, आणि चुकला त्याला खेळातून उठावं लागतं. त्याआधी भोगमाळच्या बाया तळीचं पाणी घागरींत भरतात आणि सातुळणच्या एकेका पुरुषाच्या ओंजळीत ओततात. ते वाकून पितात. पाहुण्यांना हे पाहून भरून येतं. काय हा पाहुणचार, असं ते नारबांना म्हणतात.

‘‘पाहुणचार न्हाई त्यो,’’ नारबा सांगतात. ‘‘त्यांच्या माना बघा.’’